कोळीवाड्यातलं प्लास्टिक: यंत्राऐवजी संशोधनासाठी पैसा मागावा का?

खाडीकाठची

नमस्कार. धागा लांबणार आहे, पण मला खरोखर सल्ला हवाय, म्हणून सगळं लिहिते.

आमच्या कोळीवाड्यातल्या मच्छीमार सहकारी संस्थेला एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागाचं पत्र आलंय. किनारा साफ करायचं यंत्र, कचऱ्याचे मोठे डबे, टोप्या, टीशर्ट आणि एका रविवारी स्वच्छता मोहीम असा प्रस्ताव आहे. संस्थेचा पत्रव्यवहार मी बघते. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय येईल. तिथे मला असं मांडायचंय की यंत्र नको, हा पैसा मोजमापासाठी द्या. प्लास्टिकमुळे आमच्या कमाईचं, मेहनतीचं आणि तब्येतीचं काय होतंय, त्याचं काही वर्षं सलग चाललेलं मोजमाप.

आमच्याकडे डोल लावतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं लांबलचक पिशवीसारखं जाळं. ते होडीमागून ओढत नेत नाहीत. एका जागी तोंड उघडून उभं असतं आणि भरती-ओहोटीचं पाणी जे आणेल ते आत घेतं. बोंबील, जवळा (कोळंबीसारखी अगदी बारीक मासळी), मांदेली, कोळंबी हे सगळं त्यातच मिळतं. टोकाकडचे आस (जाळ्याची भोकं) अगदी बारीक असतात, कारण जवळा धरायचा असतो. म्हणजे दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी या नद्यांतून शहर जे काही सोडतं ते आधी आमच्या जाळ्यात येतं. उधाणाच्या दिवसांत डोल वर घेताना खलाशांना हातालाच कळतं की हे वजन म्हावऱ्याचं नाही.

जाळं रिकामं झालं की पुढचं काम बायकांचं. माझी आई अजून ते करते. ओला जवळा ताडपत्रीवर पसरायचा आणि बोटांनी निवडत जायचं. दुधाच्या पिशवीचे कापलेले कोपरे, गुटख्याच्या पुड्यांचे तुकडे, नायलॉनच्या दोऱ्याचे गुंते, थर्माकोलचे दाणे. ओल्या जवळ्यात थर्माकोलचा दाणा डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच लागतो. निवडण्यात हयगय झाली तर सुका जवळा घेणारा व्यापारी भाव पाडतो. हे तास कुठल्याच हिशेबात नाहीत. मासळीचं उत्पादन किती टनांनी घटलं याचे आकडे निघतात, पण तेवढीच मासळी विकण्याजोगी करायला आईला किती जास्त वेळ वाकून बसावं लागतं, हे विचारायला आमच्या वाड्यात कोणी आलेलं नाही. पंख्यात पिशवी अडकून बंद पडलेलं इंजिन, थंड पाण्याच्या नळीत प्लास्टिक जाऊन तापलेलं इंजिन, फाटलेलं जाळं, वाया गेलेलं डिझेल, तेही नाही.

प्लास्टिकच्या नावाने पैसा येत नाही असं नाही. वेसाव्याची किनारा सफाई २०१५ मध्ये सुरू झाली, तिचं जगभर नाव झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. २०१८ मध्ये राज्याची बंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी आली. पैसा गोळा करण्यावर, वाहून नेण्यावर, पुनर्वापराच्या यंत्रांवर जातो. ज्यांच्या जाळ्यात, ताटात आणि धुरात हे प्लास्टिक येतं त्या माणसांचा अभ्यास करायला मात्र हात आखडतो. नेमकं हेच मला बदलायचंय.

विचारायचं इतकंच: असा पैसा मागता येतो का? कोणाच्या नावाने? आणि मागताना काय सांभाळायचं?

भरतीची_वेळ

वाचतोय. विषय फार महत्त्वाचा. सविस्तर लिहिणाऱ्यांची वाट बघतो.

भाऊचा_धक्का

ताई, मन दुखवायचा हेतू नाही, पण माझा विरोध आहे. आमच्या घरात तीन पिढ्या हा धंदा आहे. संशोधन करणारे येतात, होडीवर बसतात, मासळी पिशवीत भरून नेतात, फोटो काढतात. पुढे त्यांची पीएचडी होते, आम्हाला कागदही मिळत नाही. समुद्रात प्लास्टिक आहे हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? यंत्र तरी डोळ्यांना दिसतं. नाहीतर तोच पैसा जाळ्यांना द्या, बर्फाला द्या, शीतपेटीला द्या. जून-जुलैच्या बंदीत घर कसं चालतं ते बघा आधी.

खाडीकाठची

@भाऊचा_धक्का, काका, तुमचा राग बरोबर आहे. तो अनुभव आमच्याही वाड्याला आहे. म्हणूनच ‘काय सांभाळायचं’ असं विचारलं. पण ‘आम्हाला ठाऊक आहे’ हे कोणापुढे चालतं? मंत्रालयात चालतं का? कोर्टात?

उरणकर

कोर्टाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या भागातल्या पारंपरिक मच्छीमारांनी बंदराच्या वाढीविरुद्ध, भरावाविरुद्ध, तिवरं तोडण्याविरुद्ध दाद मागितली होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ च्या फेब्रुवारीत निकाल दिला: १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये नुकसानभरपाई, जेएनपीटी (न्हावाशेव्याचं बंदर), सिडको आणि ओएनजीसी यांनी मिळून द्यायची. मोठमोठ्या सरकारी संस्था समोर असताना हा निकाल लागला.

त्या आकड्याकडे नीट बघा. १६३० कुटुंबं. कुठल्या गावात मासेमारीवर जगणारी कुटुंबं किती, त्यांचं काय बुडालं, हे कागदावर होतं म्हणून भरपाईचा आकडा ठरू शकला. नुसतं ‘कोळ्यांचं नुकसान झालं’ एवढ्यावर कोणी एक रुपयाही देत नाही.

तिकडे श्रीलंकेतही तेच. २०२१ मध्ये कोलंबोजवळ एक्स-प्रेस पर्ल जहाज जळून बुडालं, प्लास्टिकचे कच्चे दाणे शेकडो टनांनी किनाऱ्यावर आले, मासेमारी बंद ठेवावी लागली. २०२५ च्या जुलैत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १ अब्ज डॉलर भरपाई द्यायला सांगितलं. तिथे निदान एक जहाज होतं, एक मालक होता. आपल्याकडे रोज थोडं थोडं येतं आणि मालक सापडत नाही. अशा वेळी नोंदी जास्तच लागतात. २०२५ च्या मे महिन्यात केरळजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडालं आणि तसेच दाणे तिथल्या किनाऱ्यांवर पसरले. उद्या मुंबईजवळ असं झालं तर ‘आधी काय होतं आणि नंतर काय झालं’ हे दाखवायला आपल्याकडे आधीचे आकडे हवेत की नकोत?

भाऊ, यंत्र गंजेल. नोंदवही उरेल.

सूक्ष्मदर्शी

मी प्रयोगशाळेत काम करते, समुद्री नमुन्यांमधलं सूक्ष्मप्लास्टिक शोधण्याचं. पैसा कशाला लागतो ते सांगते, म्हणजे सभेत सांगता येईल.

जवळ्याचा नमुना आला की आधी धुऊन वजन करायचं. मग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून मांस विरघळवायचं. ते विरघळतं, बहुतेक प्लास्टिक टिकतं. द्रावण बारीक गाळणकागदातून गाळायचं आणि कागद सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा. तिथे दिसतात धागे, कपचे, पापुद्रे. निळा धागा दिसला म्हणून तो प्लास्टिकच असेल असं नाही, रंगवलेलं सूतही असतं. म्हणून प्रत्येक संशयित तुकडा एफटीआयआर किंवा रामन वर्णपटमापकावर, म्हणजे पदार्थ कोणता ते प्रकाशावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासावा लागतो. ही यंत्रं महाग, त्यांचा वेळ महाग, आणि एकेका तुकड्याला वेळ लागतो. शिवाय हवेतही धागे असतात, म्हणून आम्ही सुती कपडे घालतो आणि प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना सोबत चालवतो, म्हणजे आपल्याच खोलीतलं प्लास्टिक किती आलं ते वजा करता येतं. हे सगळं न करता दिलेला आकडा कोणीही खोडून काढेल.

जवळ्याबद्दल एक खास गोष्ट. पापलेट-सुरमई आपण पोट काढून खातो. जवळा पोटासकट खातो, सुकी मांदेलीही. माशाच्या पोटात जे असतं ते त्यात सरळ आपल्या पोटात जातं. आणि सुका जवळा सगळ्यात जास्त कोण खातं? पावसाळ्यात बंदी असताना कोळीवाडाच खातो. शहराच्या सरासरीवर काढलेला अंदाज तिथे लागू पडत नाही, वेगळंच मोजायला हवं.

आता आरोग्याबद्दल. इथे मी सावध आहे आणि तुम्हीही राहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाचा सूर असा की माणसाच्या तब्येतीवर नक्की काय परिणाम होतो हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. २०२४ च्या मार्चमध्ये इटलीतला एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. मानेच्या रक्तवाहिनीतला साचलेला थर शस्त्रक्रियेने काढलेले २५७ रुग्ण त्यांनी पुढे पाहिले. ज्यांच्या थरात सूक्ष्मप्लास्टिक सापडलं त्यांच्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचार पटीने जास्त दिसला. प्लास्टिकमुळेच झालं, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. असे अभ्यास जिथे होतात तिथली माणसं सुका जवळा खात नाहीत, प्लास्टिकच्या ढिगात हात घालून मासळी निवडत नाहीत. ज्यांचा संबंध सगळ्यात जास्त, त्यांच्यावरचे अभ्यास सगळ्यात कमी, कारण पैसा तिथे पोचत नाही.

आणि एक वर्ष पुरत नाही. पावसाआधीचा समुद्र, पहिल्या मोठ्या पावसानंतर नाल्यांनी सगळं बाहेर फेकल्यावरचा समुद्र आणि हिवाळ्यातला समुद्र हे तीन वेगळे समुद्र आहेत. अनुदान मंजूर होऊन पैसा हातात येईपर्यंत अनेकदा मोसमच निघून जातो. मागताना किमान तीन पावसाळे मागा.

पाड्यावरून

मी आरेतल्या पाड्यावर राहते, वारली आहे. विषय समुद्राचा आहे तरी लिहिते, कारण मुंबईत मूळ माणसं फक्त किनाऱ्यावर नाहीत. आरेत सत्तावीस पाडे आहेत. वारली आहेत, कोकणा आहेत, मल्हार कोळी आहेत.

आमच्याकडे प्लास्टिक जाळ्यातून येत नाही, रस्त्यावरून येतं. गाड्या थांबतात, पार्टीचा कचरा टाकून जातात, रात्री कोणी राडारोडा ओतून जातं. पाड्यात कचऱ्याची गाडी येत नाही. मग काय करणार? संध्याकाळी ढीग करून जाळतात. चूल पेटवायला सुद्धा पिशवीचा तुकडा लावतात, लाकूड ओलं असलं की दुसरं काही पेटत नाही. तो धूर घरात बसलेल्या बाईच्या आणि मांडीवरच्या पोराच्या छातीत जातो. पावसाळ्याच्या तोंडाला आम्ही शेवळं, टाकळा या रानभाज्या काढतो, ते ओढ्याच्या कडेला येतं, आणि त्याच ओढ्यात पिशव्या अडकून पाणी तुंबतं. गाई-बकऱ्या पिशव्या खातात.

कोणाला प्लास्टिक म्हटलं की समुद्र आठवतो, कासव आठवतं. आमच्या चुलीचा धूर कोणाला आठवत नाही. पैसे मागणार असाल तर त्यात आम्हाला पण घ्या.

भरतीची_वेळ

@पाड्यावरून, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

एक शंका: आदिवासींसाठीच्या सरकारी योजनांतून संशोधनाला पैसे मिळतात ना? मग कोळी आणि वारली दोघांनाही तिथून का मागता येऊ नयेत?

उरणकर

तिथे अडचण आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत महादेव कोळी, मल्हार कोळी आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावरचे सोनकोळी नाहीत, ते विशेष मागास प्रवर्गात मोडतात. त्यामुळे आरेतल्या पाड्यांसाठी पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था हे दार वाजवता येईल, पण कोळीवाड्याला ते दार नाही. शतकानुशतकं इथे असूनही आम्ही फक्त मत्स्यव्यवसाय खात्याच्या कागदावर दिसतो, म्हणजे माणूस म्हणून नाही तर उत्पादन म्हणून. @खाडीकाठची म्हणतात तो आईच्या तासांचा प्रश्न त्या खात्याच्या तक्त्यात बसतच नाही.

पाटीवाली

मी बाजारात बसते. मुलीला बोलून दाखवते आणि ती टाइप करते, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

तुमचं सगळं ऐकलं. पण मला भीती वाटते. २०१० ला दोन जहाजं धडकली, चित्रा आणि खलिजिया. समुद्रात तेल पसरलं. टीव्हीवर दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईक पाटीकडे फिरकेना. आमची मासळी त्या तेलातली नव्हती, लांबची होती, तरी कोणी ऐकेना. बर्फाचे पैसे अंगावर, गाडीभाडं अंगावर, मासळी फेकली. भरपाईचं नाव नाही.

आता तुम्ही जवळ्यात प्लास्टिक आहे असा रिपोर्ट काढणार. तो पेपरात येणार, मोबाइलवर फिरणार. कंपनीचं काय जाणार? जवळा विकणारीचा धंदा जाणार. ज्यांनी प्लास्टिक केलं ते बसून राहणार आणि आमची पाटी उठणार. याचं उत्तर द्या, मग संशोधन करा.

सूक्ष्मदर्शी

@पाटीवाली, ताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात अवघड आहे आणि आमच्या क्षेत्राने त्याचा पुरेसा विचार केलेला नाही. प्रयोगशाळेत आम्ही नमुन्याला क्रमांक देतो, त्यामागे कोणाची पाटी आहे ते दिसत नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. सूक्ष्मप्लास्टिक फक्त मासळीत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी बाटलीबंद पाणी तपासलं तर एका लिटरमध्ये सरासरी दोन लाख चाळीस हजार कण सापडले. मिठात आहे, घरातल्या धुळीत आहे. नुसत्या जवळ्याचा आकडा छापणं म्हणजे अर्धं सत्य छापणं. अभ्यास करायचाच तर त्याच वाड्यातलं पाणी, मीठ, हवा आणि मासळी असं एकत्र मोजावं, म्हणजे बोट एकट्या पाटीकडे जाणार नाही.

गोठलेला_समुद्र

मी सध्या कॅनडात न्यूफाउंडलंडला असतो, शिक्षण मुंबईतच झालं. पाटीवाली ताईंच्या प्रश्नाला इथे एका प्रयोगशाळेने चांगलं उत्तर शोधलंय ते सांगतो.

इथल्या मेमोरियल विद्यापीठात ‘क्लिअर’ नावाची प्रयोगशाळा आहे. मॅक्स लिबोइरॉन या मूळनिवासी वंशाच्या शास्त्रज्ञाने उभी केली. कॉड माशाच्या पोटातलं प्लास्टिक ते मोजतात. मासे विकत घेऊन किंवा वेगळे मारून नाही. मच्छीमार मासा साफ करताना जी आतडी फेकून देतो तीच ते मागून घेतात. मोजणी झाली की निकाल आधी त्या गावात नेतात. सभा घेतात. हे छापायचं का, कसं छापायचं, हे गाव ठरवतं. गाव नको म्हणालं तर छापत नाहीत.

असं का करावं लागतं याचंही एक उदाहरण. अमेरिकेत ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीच्या लोकांनी १९९० नंतरच्या काळात मधुमेहाच्या अभ्यासासाठी विद्यापीठाला रक्त दिलं. त्यांना न विचारता ते इतर विषयांच्या संशोधनासाठीही वापरलं गेलं, त्यात मानसिक आजाराचाही विषय होता. खटला झाला, २०१० मध्ये विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. आपल्याकडेही तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मममध्ये आदिवासी मुलींवरच्या लस-अभ्यासात संमतीवरून केवढा गदारोळ झाला होता, संसदीय समितीने २०१३ मध्ये ताशेरे ओढले. तेव्हा भाऊ म्हणतात तसं ‘येतात नि घेऊन जातात’ हे फक्त आपल्याच वाड्याचं दुःख नाही.

अजून एक. प्लास्टिकचा त्रास फेकल्यावरच सुरू होतो असं नाही. ओंटारिओत सार्नियाजवळ आम्जिवनांग नावाची मूळनिवासी वस्ती आहे. तिच्या आजूबाजूला रसायनांचे कारखाने. २०२४ मध्ये शेजारच्या स्टायरीनच्या कारखान्यातून बेंझीन एवढं वाढलं की वस्तीने आणीबाणी जाहीर केली. स्टायरीन म्हणजे आपल्या थर्माकोलचा कच्चा माल. जवळ्यात सापडणाऱ्या दाण्याची सुरुवात कुठल्या तरी अशाच वस्तीशेजारी झालेली असते.

भाऊचा_धक्का

गाव नको म्हणालं तर छापत नाहीत, हे पहिल्यांदा ऐकलं. आपल्याकडे असं लिहून देणार असतील तर मी माझा विरोध मागे घेतो. पण लेखी. तोंडी नको.

ताळेबंद

मी लेखापरीक्षक आहे, काही कंपन्यांची सीएसआरची कागदपत्रं माझ्या हाताखालून जातात. आता पैशाचं बघू.

२०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५. ठरावीक मर्यादेवरच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. कोणत्या कामावर, ते सातव्या परिशिष्टात आहे. त्यात सरकारी पैशावर चालणारी विद्यापीठं, आणि आयसीएआर (शेती-मत्स्य), सीएसआयआर (विज्ञान), आयसीएमआर (वैद्यक) यांसारख्या केंद्रीय परिषदांच्या संशोधन संस्था यांना संशोधनासाठी पैसा देता येतो असं स्पष्ट आहे. मुंबईत वेसाव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे, ती आयसीएआरची. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्रही अंधेरीत आहे, ती सीएसआयआरची. म्हणजे दार उघडं आहे आणि घराजवळ आहे.

पण एक अडचण लक्षात घ्या. सीएसआरचं काम राबवणारी संस्था म्हणून सहकारी संस्था चालत नाही. नोंदणीकृत न्यास, सोसायटी कायद्याखालची संस्था किंवा कलम ८ ची (ना-नफा) कंपनी लागते आणि तिची सीएसआर-१ या अर्जाने सरकारकडे नोंदणी लागते. म्हणजे पैसा संशोधन संस्थेच्या खात्यात जाणार आणि तुमची मच्छीमार संस्था कागदावर कुठेच नाही, असं सहज होऊ शकतं. म्हणून त्रिपक्षीय करार करा. कंपनी, संशोधन संस्था आणि मच्छीमार संस्था. गावाने निकाल आधी बघायचा, हे कलम त्याच करारात घाला. मासळी निवडणाऱ्या बायकांच्या नोंदी ठेवायच्या असतील तर त्यांचा मोबदला अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा. ‘लोकसहभाग’ या एका शब्दात तो बुडवू देऊ नका. वाड्यातल्याच दोन-तीन शिकलेल्या मुलींना पगारी क्षेत्रसहायक म्हणून घ्या.

मुदतीचं: सीएसआरच्या नियमांत ‘चालू प्रकल्प’ सुरू झाला ते वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालू शकतो. सूक्ष्मदर्शी म्हणतात ते तीन पावसाळे त्यात बसतात.

मीठागर

ताळेबंद यांची माहिती उत्तम, पण मुळात कंपनीचा पैसा घ्यावाच का? पत्र पाठवणारी कंपनी स्वतः प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकत असेल तर? १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या साखर उद्योगाने हार्वर्डच्या संशोधकांना पैसे देऊन हृदयविकाराचा दोष चरबीवर ढकलणारा लेख लिहवून घेतला, हे २०१६ मध्ये जुन्या कागदपत्रांतून बाहेर आलं. पैसा देणारा निकाल विकत घेत नाही, प्रश्न विकत घेतो. ‘जवळ्यात किती कण’ याला तो पैसे देईल. ‘हे वेष्टन कोणाचं’ याला देणार नाही.

माझ्या मते हा पैसा कायद्याने यायला हवा. प्लास्टिक वेष्टनाच्या उत्पादकांवर २०२२ पासून विस्तारित जबाबदारी आहे, म्हणजे वापरून झालेल्या वेष्टनाचं काय होतं तेही त्यांनीच बघायचं. उद्दिष्ट पाळलं नाही तर त्यांच्याकडून पर्यावरण भरपाई घेतली जाते. पण ती रक्कम वापरायची कशावर? गोळा न झालेलं प्लास्टिक गोळा करण्यावर, पुनर्वापरावर, विल्हेवाटीवर. बाधित माणसांवर नाही. खाणींच्या बाबतीत २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. स्वामित्वधनाबरोबर खाणवाला वेगळा हिस्सा भरतो आणि तो खाणीमुळे बाधित झालेल्यांसाठी असतो. त्या पैशाचा वापर सगळीकडे चांगला होतो असं नाही, पण बाधितांचा हक्क तरी मान्य झाला. प्लास्टिकला तसा निधी का नको? जिनिव्हात २०२५ च्या ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय प्लास्टिक कराराची बोलणी निर्णयाविना संपली. तिथे मूळनिवासींचे प्रतिनिधी निरीक्षक म्हणून बसतात, मत नाही. म्हणजे वरून काही येईल म्हणून थांबायला नको.

उरणकर

मीठागर, तत्त्व मान्य. पण कायदा बदलण्याची मागणी करायला सुद्धा आकडे लागणार. आज कोणाचा तरी पैसा घेऊन सुरुवात करावीच लागेल. कंपनीला निकाल बघण्याचा किंवा अडवण्याचा कोणताही अधिकार नाही, हे कलम घाला आणि प्रश्नांची यादी वाड्याने करायची असं लिहा. ‘वेष्टन कोणाचं’ हा प्रश्न त्या यादीत पहिला घाला. कंपनीने पळ काढला तर तिचा हेतू कळला.

पाटीवाली

गावाने आधी बघायचं, पाणी-मीठ पण मोजायचं, बायकांना मोबदला द्यायचा, हे सगळं लिहून येणार असेल तर आम्ही बाजारातल्या बायका बसायला तयार आहोत. निवडायला किती वेळ लागतो ते आम्हीच लिहू. फक्त एक. रिपोर्ट पेपरात द्यायच्या आधी बाजारातल्या बायकांची सभा घ्या. वाड्याची सभा झाली की बाप्ये हात वर करतात आणि होतं पास. आमची वेगळी घ्या.

खाडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. सभेपुढे काय नेणार ते लिहिते, कोणाला खटकलं तर लगेच सांगा.

किनारा यंत्राचा प्रस्ताव नाकारायचा नाही, पण त्याआधी मोजमापाचा प्रस्ताव उलट पाठवायचा. तीन पावसाळे. एका सरकारी संशोधन संस्थेबरोबर त्रिपक्षीय करार. जाळ्यात येणाऱ्या प्लास्टिकचं वजन आणि प्रकार, वेष्टनावर नाव वाचता येत असेल तर तेही, उधाणाला आणि भांगाला (कमी भरतीच्या दिवसांत) वेगळं. जवळा, मांदेलीबरोबर वाड्यातलं पिण्याचं पाणी आणि मीठ. बायकांच्या निवडण्याच्या तासांची नोंद, मोबदल्यासह. इंजिन, जाळी, डिझेलचं नुकसान होडीवार. तब्येतीची तपासणी या टप्प्यात नाही. सूक्ष्मदर्शी यांचं ऐकून मी ती काढली, कारण तिला वेगळी नैतिक परवानगी, डॉक्टर आणि फार मोठा पैसा लागेल. रक्त देण्याआधी ते कुठे ठेवणार, हे आम्हाला कळलं पाहिजे. निकाल आधी बाजारातल्या बायकांच्या सभेत, मग वाड्याच्या सभेत, मग बाहेर. कंपनीला अडवण्याचा अधिकार नाही.

@पाड्यावरून, ताई, तुमचा धुराचा विषय या करारात कोंबला तर त्याला न्याय मिळणार नाही असं मला वाटतं. त्यासाठी हवा मोजणारी माणसं लागतील, आणि तुमच्यासाठी पुण्याच्या संस्थेचा रस्ता उघडा आहे. अर्ज आपण दोघी मिळून लिहू. मला व्यक्तिगत निरोप टाका, मी आरेत येते.

@ताळेबंद, @उरणकर, कराराचा मसुदा रविवारी इथेच टाकते. गावाच्या संमतीचं कलम मला नीट लिहिता येत नाहीये. ‘संमती’ म्हटलं तर सही घेऊन मोकळे होतात. नकार दिल्यावर पुढे काय, नमुने कोणाकडे राहणार, आकडे कोणाच्या संगणकावर, हे त्यात कसं बसवायचं ते सांगा.